दोन अर्थ निघणारी कविता (आणि चित्र) वाचायची कशी: ‘औदुंबर’च्या आठ ओळी घेऊन, पायरी पायरीने

कुठलीही जरा अवघड कविता निघाली की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते याचा अर्थ अमुकच, आमच्या सरांनी सांगितलाय, गाइडमध्ये छापलाय, विषय संपला. दुसरी म्हणते अहो कलेत काय, ज्याला जो वाटेल तो अर्थ. खरं सांगू का, मला दोन्ही पार्ट्या सारख्याच आळशी वाटतात, कारण दोघींनाही कविता परत उघडून बघायची नसते. दोन अर्थ निघतात तेव्हा ते हवेतून निघत नाहीत, ओळीतल्या एका ठरावीक जागेवरून निघतात. एखाद्या शब्दापाशी, प्रत्ययापाशी, न सांगितलेल्या कर्त्यापाशी. ती जागा बोट ठेवून दाखवता आली पाहिजे, एवढीच या सगळ्या लेखाची मागणी आहे.

उदाहरण म्हणून बालकवींची ‘औदुंबर’ घेतोय. आठच ओळी आहेत, बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली असते आणि तिच्या अर्थावरून मराठीत प्रचंड खल झालाय. ही घ्या पूर्ण:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

कागदावर हाताने उतरवून घ्या, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. मोबाईलवर वाचून हे काम होत नाही, पेन्सिल लागतेच.

पायरी १: आधी सरळ गोष्ट सांगा

अर्थाच्या मागे लागायच्या आधी अन्वय लावायचा. म्हणजे काय तर कवितेचं साधं गद्य करायचं, अलंकार बाजूला ठेवून. दोन्ही काठांवर हिरवळ घेऊन निळासावळा झरा वाहतोय, पलीकडे टेकडीकडे चार घरांचं गाव आहे, त्याच्यापुढे शेतमळे, त्यातून पांढरी पायवाट वाकडीतिकडी निघून हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे चाललीय. इथपर्यंत कुणालाच अडचण येत नाही. पुढच्या ओळीचं गद्य करायला गेलात की पेन्सिल थांबते. पाणी झाकोळून गोड काळिमा लाटांवर पसरवतंय... कोण?

ही पायरी लोक सर्रास गाळतात, थेट ‘कवीला काय म्हणायचंय’वर उडी मारतात आणि मग जिथे काहीच संदिग्ध नाही तिथे गूढ शोधत बसतात आणि जिथे खरंच गाठ आहे तिथून सुसाट निघून जातात.

पायरी २: अडलंय ते माझ्यामुळे की कवितेमुळे?

जिथे अडखळलात तिथे खूण करा. मग प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारा, की मला माहिती कमी आहे म्हणून अडलंय की माहिती असूनही इथे दोन वाटा आहेत? पहिल्या प्रकारातल्या अर्ध्याअधिक अडचणी शब्दकोश उघडला की संपतात. मोल्सवर्थचा कोश आहे, दाते-कर्वेंचा आहे, दोन्ही ऑनलाइन फुकट बघता येतात.

कधी नुसतं व्याकरणही पुरतं. मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही ओळ बघा. खूप जण ती ‘ओले उंदीर मेले’ अशी ऐकतात आणि त्यावर पुढचा इमला चढवतात. पण शब्द ‘ओले’ नाही, ‘ओल्या’ आहे, हे सामान्यरूप, म्हणजे ते ‘पिपांत’ला लागणार. ओलं पीप आहे, उंदीर नव्हे. इथे संदिग्धता दिसते खरी पण ती प्रत्ययाने मिटते. (शब्दांची जागा अशी मुद्दाम मोडली का, हा प्रश्न उरतोच आणि तो चांगला प्रश्न आहे. पण तो वेगळा.)

उलट ‘औदुंबर’मधलं ‘बेट’ बघा. बेट म्हणजे पाण्यातली जमीन, आणि बेट म्हणजे झाडांचा पुंजका, बांबूचं बेट म्हणतो तसं. झरा दोन्हींतून वाहू शकतो. कोश इथे तुम्हाला एक अर्थ निवडून देत नाही, उलट दोन्ही आहेत याची खात्री देतो. आता हा दुहेरीपणा महत्त्वाचा आहे का? मला नाही वाटत. चित्र जरासं बदलतं, कवितेचा सूर काही बदलत नाही. दोन अर्थ निघाले म्हणून प्रत्येक वेळी नाचायची गरज नसते, हेही या पायरीवरच शिकून घ्या.

पायरी ३: फाटा नेमका कुठे फुटतो ते शोधा

सगळी मजा इथे आहे, तर जरा थांबूया.

सातवी ओळ परत घ्या. ‘पसरी’ या क्रियापदाचा कर्ता कोण? मला तीन उमेदवार दिसतात. पहिला काळिमा स्वतः: तो पाणी झाकोळतो आणि लाटांवर पसरतो, वाक्य ओळीतच संपलं. दुसरा औदुंबर: तो पाणी झाकोळून काळिमा पसरवतोय आणि पाय टाकून बसलाय, म्हणजे शेवटच्या दोन ओळी मिळून एकच वाक्य आणि त्याचा कर्ता कवितेतल्या अगदी शेवटच्या शब्दापर्यंत लपवून ठेवलाय. तिसरा, जरा ओढून ताणून, आधीच्या ओळीतला डोह.

आता कर्ता बदलला की काय होतं बघा. काळिमा आपोआप पसरत असेल तर झाड त्या काळोखात येऊन बसलंय, निवांत. काळिमा झाड पसरवत असेल तर तो काळोख त्याचाच आहे, त्याच्या सावलीचा, आणि झाड नुसतं बसलेलं नाही, काहीतरी करतंय. एकाच झाडाची दोन पूर्ण वेगळी रूपं, आणि तीही एका क्रियापदाचा कर्ता उघड सांगितला नाही एवढ्यावरून.

त्याच ओळीतला ‘गोड’ घ्या. गोड काळिमा की जळ गोड? विशेषण नामाच्या आधी येतं हा आपला नेहमीचा नियम, त्याने ‘गोड काळिमा’. पण याच कवितेत ‘गांव चिमुकले’ आणि ‘पायवाट पांढरी’ अशी नामामागून येणारी विशेषणं आहेत, म्हणजे हा कवी तसं करतो याचा पुरावा कवितेतच आहे, तर मग ‘जळ गोड’ का नको? इथे ओळ मोठ्याने वाचायची. या कवितेच्या ओळी आठ-आठ मात्रांच्या तुकड्यांत चालतात: झांकळुनी जळ / गोड काळिमा / पसरी लाटां / वर. थांबा ‘जळ’नंतर येतो आणि ‘गोड’ काळिम्याच्या तुकड्यात जाऊन पडतो. व्याकरण दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतं आणि कान एकीकडे झुकतो. म्हणून मी ‘गोड काळिमा’ला जास्त वजन देतो, दुसरा अर्थ पूर्ण पुसून न टाकता. बरं, काळिमा म्हणजे नुसता काळा रंगही नाही, कुळाला काळिमा फासणं म्हणतो ना आपण, तो डागही त्यात आहे आणि त्याला ‘गोड’ जोडलंय. म्हणजे दोन विरुद्ध गोष्टी कवीनेच शेजारी शेजारी आणून ठेवल्यात, ते काही आपण बाहेरून आणलेलं नाही.

शेवटच्या ओळीत ‘असला’ आहे. असला म्हणजे ‘अशा तऱ्हेचा’ औदुंबर, की ‘बसला असला’ म्हणजे बसलेला असावा? पहिल्यात बोट दाखवून सांगितल्यासारखं होतं, दुसऱ्यात अंदाज आहे, लांबून बघणाऱ्याचा. आणि बघणारा लांब आहेच, कारण ऐल-पैल म्हणायला कुठल्यातरी काठावर कुणीतरी उभं असावं लागतं. पण कवितेत ‘मी’ कुठेच नाही.

शब्द आणि व्याकरण झालं, तिसरी जागा म्हणजे कोण कुणाशी बोलतंय ही. याचं सगळ्यात झकास उदाहरण आपल्याच जुन्या भाषेत, महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत आहे, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या संग्रहात. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते की बाबा, आता खुशाल फीर, तो कुत्रा आज मारला गेला, गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारला. वरवर आमंत्रण आहे. पण कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाला सिंहाची बातमी दिल्यावर तो तिकडे फिरकेल का? तिला ती झाडी मोकळी हवीय, प्रियकराला भेटायला, असं टीकाकार सांगतात. गंमत म्हणजे बोलणारी कोण, तिचा हेतू काय, हे गाथेत एका अक्षरानेही सांगितलेलं नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीची, म्हणजे शब्दांतून नुसत्या सुचवलेल्या अर्थाची, कल्पना समजावताना हीच गाथा उदाहरणाला घेतली: वाच्यार्थ, म्हणजे उघड अर्थ, ‘जा’, सुचवलेला अर्थ ‘जाऊ नको’. इंग्लंडात विल्यम एम्प्सनने १९३० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, संदिग्धतेचे सात प्रकार पाडणारं पुस्तक लिहिलं, त्याचा फार बोलबाला होतो आणि व्हावाच, पण हे प्रकरण आपल्याकडे त्याच्या हजारेक वर्षं आधीपासून चर्चेत होतं. सात प्रकार पाठ करायची काही गरज नाही. शब्द, व्याकरण, बोलणारा, आणि न सांगितलेली गोष्ट, एवढ्या चार जागा तपासल्या तरी बरंच काम होतं.

न सांगितलेली गोष्ट ‘औदुंबर’मध्ये कुठली? माणूस. गाव आहे, घरं आहेत, शेतं आहेत, पायवाट आहे, सगळ्या माणसांच्या खुणा, आणि माणूस एकही नाही. माणसासारखं वागतंय ते फक्त झाड, पाण्यात पाय टाकून बसलंय. मला ही कवितेतली सगळ्यात जोरकस जागा वाटते आणि गाइडांमध्ये नेमकी हीच नसते.

पायरी ४: प्रत्येक अर्थ स्वतंत्रपणे, मनापासून लिहा

आता कागदाचे कप्पे करा. ‘औदुंबर’चे नेहमी सांगितले जाणारे अर्थ साधारण असे: झाड म्हणजे पाण्यात पाय सोडून रमलेलं मूल, झाड म्हणजे संसाराकडे पाठ करून बसलेला विरक्त, आणि डोह म्हणजे मृत्यू, गावातून निघालेली वाट शेवटी तिथेच जाते. प्रत्येकाला अर्धं पान द्या. जो पटत नाही त्याला तर जास्तच द्या, आणि लिहिताना ‘पण’ हा शब्द वापरायचा नाही, त्या पानावर तुम्ही त्या अर्थाचे वकील आहात.

पायरी ५: मग ओळींवर घासून बघा

वकिली संपली की उलटतपासणी. प्रत्येक अर्थाने आठही ओळी सांभाळल्या पाहिजेत, निदान कुठल्या ओळीला तो गप्प बसतो ते तरी कळलं पाहिजे.

मुलाचा अर्थ ‘पाय टाकुनी’ आणि ‘गोड’ छान सांभाळतो, पण ‘काळ्या’ आणि ‘काळिमा’ पाशी त्याची बोबडी वळते. विरक्ताच्या बाजूने औदुंबर हे दत्ताचं झाड ही मोठी गोष्ट आहे, नरसोबाची वाडी किंवा सांगली जिल्ह्यातलं औदुंबर हे गाव आठवा, मराठी वाचकाच्या मनात ते येणारच. शिवाय बाकी सगळं वाहतंय, चाललंय, हा एकटा बसलाय. पण योगी मांडी घालून बसतो हो, पाण्यात पाय सोडून कशाला बसेल? मृत्यूच्या अर्थाला ‘काळ्या डोहाकडे’ जाणारी वाट मिळते आणि हिरवा, पांढरा, काळा असा रंगांचा प्रवासही मिळतो, आठ ओळींत हिरवा तीनदा येतो आणि शेवटच्या दोन ओळींत एकदाही येत नाही हे मोजून बघा. त्याचा अडसर ‘गोड’. आणि दुसरा एक साधा अडसर, गावाची वाट पाण्याकडे जाते कारण लोकांना पाणी लागतं.

झाडाचा साधा अर्थही विसरू नका. उंबर ओढ्या-नाल्यांच्या काठी भरपूर वाढतो, मुळं पाण्यापर्यंत जातात, म्हणजे ‘पाय टाकुनी जळांत’ हे जसंच्या तसं दिसणारं दृश्य आहे. प्रतीक शोधायच्या नादात जो अर्थ उघड डोळ्यांना दिसतो तो हाकलून देऊ नये.

आणि कुणी म्हणालं की ही कविता पर्यावरण वाचवा सांगते? मग विचारायचं, कुठल्या ओळीत? इथे काहीच तोडलेलं नाही, काही धोक्यात नाही, कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. हा अर्थ बाद, आणि तो बाद करताना अजिबात संकोच करू नका, अनेक अर्थ निघतात म्हणजे सगळेच निघतात असं नसतं.

पायरी ६: चरित्र सगळ्यात शेवटी उघडा

बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९० ते १९१८. भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा अपघाती मृत्यू झाला. हे एकदा कळलं की काळा डोह लगेच आणखी काळा दिसायला लागतो, आणि म्हणूनच हे आधी वाचायचं नाही. कविता लिहिली तेव्हा लिहिणाऱ्याला स्वतःचा शेवट माहीत नव्हता, तुम्हाला माहीत आहे, तेव्हा तो पुरावा म्हणून चालणार नाही. त्यांच्या बाकीच्या कवितांमधली उदासी पुरावा होऊ शकते, ती त्यांनी लिहिलीय. कवीच्या आयुष्यातला प्रसंग आणि कवीचं लिखाण या दोन खिशांतली नाणी वेगवेगळी ठेवा.

पायरी ७: कुलूप आहे की मोकळं मैदान, ते ठरवा

काही रचना मुद्दाम कोडं घालतात. ज्ञानदेवांचं ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना’ हे तसं कूट. न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात, दोन थोटे आणि एकाला घडवताच येत नाही, असं ते चढत जातं आणि शेवटी सांगतं की सद्गुरूवाचून कळेचिना. म्हणजे किल्ली आहे आणि ती परंपरेकडे आहे असं रचनाच म्हणतेय. अशा ठिकाणी सांप्रदायिक मंडळी काय सांगतात ते विचारणं हे वाचनाचाच भाग आहे. ‘औदुंबर’ तसं काहीच म्हणत नाही, तिथे किल्ली शोधत बसलात तर फक्त वेळ जाईल. आणि तिसरा प्रकारही असतो बरं का, कवीलाच नीट लिहिता आलेलं नाही. तो ओळखायचा कसा? दोन अर्थांपैकी एकही बाकीच्या ओळींना काही देत नसेल तर ती संदिग्धता नाही, ढिसाळपणा आहे.

पायरी ८: उत्तर लिहिताना

एमएच्या पेपरात ‘ही कविता अनेकार्थी आहे’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका, त्यातून परीक्षकाला काहीही कळत नाही. जागा सांगा, दोन वाटा सांगा, कुठली का निवडली ते सांगा. उदाहरणार्थ: “‘पसरी’चा कर्ता काळिमा मानला तर औदुंबर त्या काळोखात निवांत बसलेला दिसतो, औदुंबर मानला तर काळोख त्याच्यातूनच निघतो. शेवटच्या दोन ओळी सलग वाचल्या तर दुसरा अन्वय जास्त जुळतो, मात्र ‘गोड’ या विशेषणामुळे तो भीतिदायक होत नाही.” दोन वाक्यांत काम झालं. ‘कवीला असे म्हणायचे असावे’ हे वाक्य शक्यतो टाळा, कवी काही सांगायला येणार नाहीये.

चित्रापुढे उभं राहिलात तर

पायऱ्या त्याच, फक्त अन्वयाच्या जागी डोळा. चित्रकार वासुदेव गायतोंडे घ्या (१९२४ ते २००१, जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये). चित्रांना बहुतेक वेळा शीर्षकच नाही, आणि आपल्या कामाला अमूर्त म्हटलेलंही त्यांना रुचायचं नाही, नॉन-ऑब्जेक्टिव्ह (कुठल्याही वस्तूचं चित्र नसलेलं) म्हणा म्हणायचे. एनजीएमएत (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये) त्यांचं चित्र लागलेलं असलं तर लोक आधी बाजूची पाटी वाचतात, तिथे ‘अनटायटल्ड’ दिसतं, आणि पुढे सरकतात.

तसं न करता आधी नुसतं वर्णन करा. रंग कुठला, कुठे दाट, कुठे पातळ, डोळा पहिल्यांदा कुठे जातो. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर लावायचे आणि काढायचे, त्यामुळे खालचा थर वरच्यातून डोकावतो. मग फाटा शोधा: हा उजेड पृष्ठभागावर पडलाय की आतून येतोय? जवळ जा, लांब जा, उत्तर बदलतं का बघा. काही चित्रांत लिपीसारखे आकार आहेत जे वाचावेसे वाटतात आणि कुठल्याच भाषेत वाचता येत नाहीत. तिथे ‘हे काय लिहिलंय’ विचारण्याऐवजी वाचावंसं का वाटतंय ते बघा: आकार ओळीत आहेत म्हणून? सारख्या अंतरावर आहेत म्हणून? तीच तुमची बोट ठेवायची जागा. आणि त्यांचं चित्र २०१३ च्या मुंबईतल्या लिलावात २३.७ कोटींना गेलं ही माहिती पायरी सहाच्या खिशात टाका, तिने चित्रातलं काहीही उलगडत नाही.

सराव

वाचनकट्ट्यावर चार जण असाल तर ज्ञानदेवांची ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ घ्या, हातात छापील प्रत घ्या, गाण्याची चाल जरा वेळ विसरा. सुरुवातीलाच त्यातली बोलणारी बाई म्हणते की कावळा शकुन सांगतोय, आणि मग त्यालाच पाय सोन्याने मढवायचं, दहीभाताची उंडी द्यायचं, दुधाची वाटी ओठी लावायचं आमिष दाखवून विचारत राहते की विठू येईल का, खरं सांग. शकुन आधीच सांगून झाला असेल तर ती परत परत का विचारतेय? आणि शेवटी ‘भेटती पंढरीराणे’ येतं, ते कोण म्हणतंय: ती, कावळा की ज्ञानदेव? भेट झालीय, होतेय की होणार आहे? दोघांनी एक बाजू घ्या, दोघांनी दुसरी, अर्ध्या तासाने बाजू बदला. मतदान घेऊ नका, आणि ओळीवर बोट न ठेवता बोलणाऱ्याला पुढच्या वेळचा चहा लावा.